आपले नाव वगळणारा कर्णधार

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याचे जे भग्नावशेष तापीच्या उत्तर तीरावर अद्याप उभे आहेत, त्यांच्या सज्जातून पावसाळ्यानंतरचे संथ पात्र न्याहाळीत असता या शहराची एक जुनी हकीकत मला दर वेळी आठवते. इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून अजमेरास, जहांगीर बादशहाच्या दरबारी निघाला असता, वाटेत येथे मुक्कामास राहिला. बुऱ्हाणपूर हे तेव्हा खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याशी चाललेल्या युद्धाची सूत्रे याच शहरातून हलत. आणि या सर्व पसाऱ्याचा सरसेनापती म्हणून बादशहाचा पुत्र शाहजादा परवेझ येथे दरबार भरवीत असे. रो त्या दरबारात रुजू झाला, त्याने नजराणा दिला, आणि आपल्या रोजनिशीत त्याने जे टिपून ठेवले त्याचा मथितार्थ असा की, नाव आणि थाटमाट शाहजाद्याचा आहे, कारभार मात्र सगळा खानाचा आहे. हा खान म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना. ज्याच्या काळात सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भूमिगत कुंड्यांच्या साखळीने शहरात आणले गेले, आणि ज्याचे दोहे उत्तरेत आजही लोकांच्या तोंडी आहेत, तो पन्नाशी उलटलेला, विद्वान आणि युद्धाचा दीर्घ अनुभव असलेला सेनानी.

रक्ताने मोठा तो पुढे आणि कर्तबगारीने मोठा तो त्याच्या मागे, ही मांडणी आपल्या देशाच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात काही वावगे आहे असे शतकानुशतके फारसे कोणास वाटले नाही. १६१६ साली परवेझाची बदली झाली, तेव्हा त्याच्या जागी आला तोही दुसरा शाहजादाच, खुर्रम. मला ज्या प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे तो याच्या तीनशेहून अधिक वर्षांनंतरचा, साता समुद्रांपलीकडचा आणि रणांगणाऐवजी क्रीडांगणावरचा आहे. परंतु त्यातील पेच तंतोतंत हाच होता, आणि तो ज्या रीतीने सुटला ती रीत आपल्या इतिहासात विरळा आहे. १९३२ च्या जून महिन्यात हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सच्या मैदानावर सुरू होण्यापूर्वी, दौऱ्यावरील संघाचे कर्णधार, पोरबंदरचे महाराज नटवरसिंहजी, यांनी खेळणाऱ्या अकरा जणांतून स्वतःचेच नाव गाळले.

ज्याला त्या दिवशी संघ मैदानावर न्यावयाचा होता तो पुरुष, एका अर्थी, आमच्याच रस्त्यावरचा. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरास झाला. बुऱ्हाणपूर त्या काळी निमाड जिल्ह्यात, म्हणजे मध्यप्रांतात, होते, आणि आमचे सरकारी कागद ज्या शहरातून येत ते प्रांताच्या राजधानीचे शहर नागपूरच. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी नायडूंस इंदुरास बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. तेथून पुढे मृत्यूपर्यंत इंदूर हेच त्यांचे गाव झाले. नागपुराहून वऱ्हाडातून भुसावळ, भुसावळहून तापी ओलांडून बुऱ्हाणपूर, बुऱ्हाणपुराहून असीरगडाच्या पायथ्याजवळून खंडवा, आणि खंडव्यास गाडी बदलून अरुंद रुळांवरून नर्मदा उतरून महू व इंदूर, अशी त्या दोन शहरांना जोडणारी जुनी लोहमार्गाची वाट होती. त्यांच्या आयुष्याची दोन टोके आणि त्यांच्या मधोमध आमचे स्टेशन, एवढाच आमचा त्यांच्यावरचा हक्क. पण खेळाच्या वेड्या माणसाला तेवढा पुरतो.

नायडूंची कीर्ती ज्या एका खेळीने देशभर पसरली ती १९२६ च्या डिसेंबरातली. आर्थर गिलिगनचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला होता, आणि हिंदूंच्या बाजूने खेळताना नायडूंनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षट्कार आणि १३ चौकार. साहेबाचा चेंडू साहेबाच्याच जिमखान्याच्या हद्दीबाहेर पुन्हा पुन्हा जाऊन पडत असलेला पाहून मुंबईकरांच्या मनात त्या दिवशी जे जागे झाले, त्याला केवळ क्रीडाप्रेम म्हणणे अपुरे होईल. त्या दौऱ्यानंतर हिंदुस्थानास कसोटी सामन्यांचा दर्जा मिळावा ही मागणी मूळ धरू लागली, १९२८ च्या अखेरीस क्रिकेटचे नियामक मंडळ स्थापन झाले, आणि १९३२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडास अधिकृत संघ पाठविण्याचे ठरले.

संघ कोणाच्या हाताखाली जावा, हा प्रश्न मात्र खेळाच्या कसोटीवर सोडविला जाण्याचे दिवस अजून उगवले नव्हते. क्रिकेट हा खर्चाचा खेळ. दौरा म्हणजे तर बोटीचे भाडे, हॉटेले, पोशाख आणि पाच-सहा महिन्यांचा प्रपंच. हा खर्च पेलण्याची ऐपत ज्यांच्या खजिन्यात होती ते संस्थानिक, आणि ज्याचा खजिना त्याची सत्ता. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनी निवड-चाचण्यांचा भार उचलला. विजयानगरमचे महाराजकुमार यांनी मंडळास भरघोस देणगी देऊ केली. आणि या दोन आश्रयदात्यांच्या चढाओढीत मंडळाचा कारभार दोलायमान होत राहिला. शिवाय आणखी एक समजूत पक्की होती. हिंदू, मुसलमान, पारशी आणि शीख अशा चार समाजांतील खेळाडू एका सामान्य कुळातील माणसाचा हुकूम मानणार नाहीत, मानतील तर राजाचाच मानतील, असे तेव्हाचे जाणते लोक गंभीरपणे म्हणत. यात अगदीच तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. मुंबईचे सामने जातवार संघांत खेळले जात होते, आणि उत्तम खेळाडूंपैकी अनेकांची चूल कोणत्या ना कोणत्या दरबारच्या तैनातीवर पेटत होती. अशा माणसास पतियाळा, भोपाळ, नवानगर आणि इंदूर ही आधी दिसणार आणि हिंदुस्थान मागाहून, हे ओघानेच आले.

प्रथम कर्णधारपद पतियाळाच्या महाराजांना बहाल झाले. राज्यकारभाराच्या व्यापामुळे त्यांनी ते सोडले, तेव्हा पोरबंदरचे महाराज कर्णधार, त्यांचे मेहुणे लिंबडीचे राजकुमार घनश्यामसिंहजी उपकर्णधार, आणि विजयानगरमचे महाराजकुमार त्यांच्याही खाली दुय्यम उपकर्णधार, अशी उतरंड रचण्यात आली. तिसऱ्या पायरीवर उभे राहणे महाराजकुमारांना मानवले नाही. प्रकृतीचे कारण सांगून ते घरीच राहिले. रणजितसिंहजींचे पुतणे दुलीपसिंहजी इंग्लंडकडून खेळत होते, आणि पतौडीचे नवाबही त्याच वाटेने निघाले होते. म्हणजे ज्यांना राजकुळ आणि क्रीडानैपुण्य ही दोन्ही लाभली होती ते परक्यांच्या संघात, आणि आपल्या संघाच्या माथ्यावर केवळ राजकुळ.

त्या वर्षीच्या जानेवारीत गांधीजींना अटक झाली होती आणि येरवड्याच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली होती. सविनय कायदेभंगाची दुसरी लाट देशभर उसळली असता साहेबाच्या देशी खेळावयास जाणे मुंबईच्या काही खेळाडूंना प्रशस्त वाटले नाही. विजय मर्चंट आणि एल. पी. जय हे दोन मोहरे निवडीपासूनच दूर राहिले. येथे एक योगायोग नोंदविल्यावाचून मला राहवत नाही. ज्या संस्थानाचा अधिपती हा संघ घेऊन निघाला, त्याच पोरबंदरात गांधीजींचा जन्म झाला होता, आणि त्यांच्या आजोबांनी व वडिलांनी त्याच गादीची दिवाणगिरी केली होती. प्रजाजन येरवड्यास आणि राजा लॉर्ड्सला, असे हे १९३२ चे चित्र. ते पाहून आजचा वाचक राजाविषयी सहज कठोर होईल. परंतु पुढची हकीकत ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढीच माझी विनंती.

एप्रिलमध्ये अठरा खेळाडू इंग्लंडास पोहोचले. सात हिंदू, पाच मुसलमान, चार पारशी आणि दोन शीख, असा तो संघ होता. नटवरसिंहजी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. संगीताचे त्यांना उत्तम अंग होते, आणि खेळाची आवड होती. आवड आणि अंग यांत जे अंतर असते ते मात्र इंग्लंडच्या ओल्या खेळपट्टीवर पहिल्या काही आठवड्यांतच उघडे पडले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांच्या सबंध आयुष्यातील सर्वांत मोठी खेळी २२ धावांची आहे, आणि त्या दौऱ्यात तर त्यांना तेवढ्याही जमल्या नाहीत. याच सुमारास नायडूंनी मे महिन्यात लॉर्ड्सवर एम. सी. सी. विरुद्ध नाबाद ११८ धावा काढून दौऱ्यातील पहिले शतक नोंदविले, आणि इंग्लिश वर्तमानपत्रे त्यांच्या षट्कारांच्या वर्णनांनी भरू लागली.

अशा वेळी राजापुढे दोन वाटा असतात. पहिली मळलेली: दहा खेळाडू आणि अकरावे आपण, हा हिशेब चालू ठेवावयाचा, धावा न निघाल्या तरी नाणेफेकीस, मेजवानीस आणि छायाचित्रास अग्रभागी राहावयाचे, आणि मागे उभ्या असलेल्या खानखानाकडून मसलत घेत फौज हाकावयाची. त्यांना तसे करण्यापासून अडविणारे कोणी नव्हते. नियामक मंडळाचा ठराव त्यांच्या बाजूने होता, रूढी त्यांच्या बाजूने होती, यजमानांची अपेक्षाही तीच होती. महाराजांनी दुसरी वाट धरली. दौऱ्याच्या प्रारंभीचे मोजके सामने खेळून ते बाजूला झाले, मैदानावरील नेतृत्व त्यांनी नायडूंच्या स्वाधीन केले, आणि स्वतःकडे स्वागत-समारंभ, भाषणे व संघाचे पालकत्व एवढेच ठेवले. संघ निवडणे म्हणजे कोणाला घ्यावे हे ठरविणे, असे आपण समजतो; खरे पाहता त्याचा अवघड भाग कोणाला वगळावे हा आहे, आणि ज्याच्या हाती यादी आहे त्याने त्या यादीत स्वतःला परके होऊन पाहणे हे तर सर्वांत अवघड. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या घराण्यास मुजरे घडत आले, अशा पुरुषाला ‘मी या अकरांत बसत नाही’ हे वाक्य मनाशी उच्चारणे किती जड गेले असेल, याची कल्पना तुम्हीआम्ही करणे कठीण आहे.

कसोटी सामन्यासाठी संघ लिंबडीच्या राजकुमारांकडे जावयाचा होता, कारण ते उपकर्णधार होते आणि बऱ्यापैकी खेळतही होते. पण सामना तोंडावर आला असता त्यांची पाठ दुखावली. आता तिसरे नाव नायडूंचेच. आणि येथे तो जुना रोग उफाळून आला. नायडू शिस्तीचे कठोर, बोलण्यात मोजके, काहीसे अंतर राखून वागणारे; सैन्यात वावरलेल्या माणसाचा ताठरपणा त्यांच्यात होता, आणि ज्यांनी आजवर राजांपुढेच मान लववली होती त्यांना आपल्यातल्याच एकापुढे ती लववणे जड जात होते. सामन्याच्या आदल्या रात्री संघातील काही जण महाराजांकडे गेले आणि नायडूंच्या हाताखाली आम्ही उतरणार नाही असे त्यांनी कळविले, अशी हकीकत क्रिकेटच्या इतिहासलेखकांनी नमूद केली आहे. एखाद्या दुबळ्या मनाच्या राजाला ही तर सुवर्णसंधीच होती. खेळाडूंचाच आग्रह आहे, ऐक्यासाठी मला उतरणे भाग आहे, असे म्हणून पांढरा पोशाख चढविला असता तर कोणी बोट दाखविले नसते, उलट समंजसपणाची वाहवा झाली असती, आणि हिंदुस्थानचा पहिला कसोटी कर्णधार म्हणून पोरबंदरचे नाव कायमचे नोंदले गेले असते. तसे घडले नाही. सकाळी यादी लागली ती नायडूंच्या नावाची, आणि जे खेळावयाचे होते ते सर्व निमूटपणे तिच्यात उभे राहिले.

शनिवार, २५ जून १९३२. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डीन; सलामीला हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स. या जोडीने दहाच दिवसांपूर्वी लेटन येथे यॉर्कशायरकडून एसेक्सविरुद्ध ५५५ धावांची भागी रचून जागतिक उच्चांक केला होता, आणि तिला फोडावयास किती तास लागतील याची चर्चा प्रेक्षकांत चालली असल्यास नवल नाही. पंजाबचा धिप्पाड मोहम्मद निसार एका टोकाकडून धावत आला. फलकावर ८ धावा असता सटक्लिफचा त्रिफळा उडाला. ११ धावा असता होम्सचा. जेथे साडेपाचशे धावा लागल्या होत्या तेथे अकरा. मग फ्रँक वूली, इंग्लंडच्या डावखुऱ्या फलंदाजांतील सर्वांत देखणा, तो धाव घेण्याच्या घाईत असता मलायात जन्मलेल्या लालसिंगने चेंडूवर झडप घातली, आणि वूली धावचीत होऊन परतला. ३ बाद १९. लॉर्ड्सच्या त्या गर्दीने, जिने या संघाला पाहुण्यांच्या कौतुकाने पाहावयाचे ठरविले होते, आता त्यांच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले असेल.

त्या पहिल्या तासात क्षेत्ररक्षकांची मांडणी करीत, गोलंदाज बदलीत जो उंच, सडपातळ पुरुष मैदानाच्या मध्यभागी उभा होता त्याच्याकडे दृष्टी वळवा. हॅमंड आणि जार्डीन यांनी डाव सावरला, तेव्हा त्याने अमरसिंगकडून हॅमंडचा त्रिफळा उडविलेला पाहिला. पुढे स्वतः चेंडू हाती घेऊन पेंटरला पायचीत केले, आणि ७९ धावांवर खेळणाऱ्या जार्डीनला यष्टिरक्षक जनार्दन नवले यांच्या हाती झेल द्यावयास लावले. इंग्लंडच्या कर्णधाराचा बळी हिंदुस्थानच्या कर्णधाराने घेतला, आणि झेल पुण्याच्या मैदानांवर वाढलेल्या मराठी माणसाच्या हातमोज्यांत विसावला. धावपुस्तकातील ही एक ओळ मी कितीदा तरी वाचली आहे. ज्या खेळाडूंविषयी ‘राजाशिवाय ते एकत्र राहणार नाहीत’ असे म्हटले जात होते, त्यांत मुसलमान निसारने गडी बाद केला होता, शीख लालसिंगने फेक केली होती, काठेवाडचा अमरसिंग दुसऱ्या टोकाने टिच्चून मारा करीत होता. आणि इंग्लंडचा डाव २५९ धावांत आटोपला होता. निसारचे ९३ धावांत ५ बळी.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगतो, कारण त्यात वैभवापेक्षा अननुभव अधिक आहे. हिंदुस्थानच्या कसोटी इतिहासातील पहिला चेंडू नवल्यांनीच खेळला. नायडूंच्या हाताला क्षेत्ररक्षण करताना इजा झाली होती. तशाच हाताने त्यांनी ४० धावा काढल्या, आणि डावातील त्याच सर्वाधिक ठरल्या. संघाच्या धावा १८९. दुसऱ्या डावात मुख्यतः जहांगीरखानच्या माऱ्याने इंग्लंडचे पहिले चार गडी ६७ धावांत गुंडाळले आणि पुन्हा आशा निर्माण केली. पण जार्डीन नाबाद ८५ पर्यंत खेळत राहिला आणि ८ बाद २७५ वर त्याने डाव घोषित केला. ३४६ धावांचे ओझे, पालिया आणि नझीर अली जायबंदी, कर्णधाराचा हात सुजलेला. ७ गडी १०८ धावांत गेले. येथे अमरसिंगने बॅट फिरविली. लालसिंगला साथीला घेऊन त्याने ७४ धावांची भागी केली, आणि नवव्या क्रमांकावर येऊन ५१ धावा काढल्या; कसोटीत हिंदुस्थानी खेळाडूने काढलेले हे पहिले अर्धशतक. सर्वबाद १८७. इंग्लंडने १५८ धावांनी सामना जिंकला. हार ती हारच, तिला मी दुसरे नाव देऊ इच्छीत नाही. परंतु त्याच जार्डीनने त्याच हिवाळ्यात व्होस, बोज आणि लारवुड यांच्या बळावर ऑस्ट्रेलियास नमविले हे ध्यानात घेतले, म्हणजे पदार्पणातच त्याच्या संघाचे तीन मोहरे १९ धावांत टिपणाऱ्यांचे मोल कळते.

दौरा संपला तेव्हा प्रथम दर्जाच्या २६ सामन्यांपैकी ९ जिंकले होते, ८ हरले होते, ९ अनिर्णित राहिले होते. नायडूंच्या धावा १६१८, अमरसिंगचे बळी १११. विस्डेनने पुढच्या वर्षीच्या अंकात वर्षातील पाच खेळाडूंत नायडूंची गणना केली.

या प्रसंगाची खरी किंमत चार वर्षांनी कळली. १९३६ साली संघ पुन्हा इंग्लंडास गेला, तो विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या हाताखाली. ते तीनही कसोटी सामने खेळले, त्यांत त्यांच्या धावा ३३. नायडू त्यांच्या हाताखाली साधे खेळाडू. लाला अमरनाथ यांच्यासारख्या तडफदार खेळाडूस बेशिस्तीच्या आरोपावरून अर्ध्या दौऱ्यातून मायदेशी परत धाडले गेले, गटबाजीने संघ पोखरला, आणि तीनपैकी दोन सामने हरून मंडळी परतली. तेच इंग्लंड, तीच परिस्थिती, प्रमुख खेळाडूंपैकीही कित्येक तेच. फरक एवढाच की या वेळी ज्याच्या हाती यादी होती त्याला तिच्यात आपले नाव सर्वप्रथम दिसत होते.

नटवरसिंहजींच्या मोटारी किती आणि धावा किती, अशी तुलना करून त्यांच्यावर हसण्याची चाल इंग्रजी लेखकांनी पाडली आणि आपल्याकडील लेखकांनी ती बिनतक्रार उचलली. मला ती अन्यायाची वाटते. धावा न काढणारे कर्णधार पुष्कळ झाले. आपल्याला धावा निघत नाहीत हे मान्य करून, विरोध पत्करून, योग्य माणसाला जागा देणारा मला दुसरा आठवत नाही. ज्या बुऱ्हाणपुरात शाहजाद्यांनी तंबू ठोकले, दरबार भरविले आणि पराक्रम इतरांच्या माथी ठेवून श्रेय घेतले, तेथे बसून लिहीत असल्यामुळे की काय, या एका राजाची थोरवी मला अधिक स्पष्ट दिसते. कसोटी कर्णधारांच्या याद्या छापणाऱ्यांस माझे सांगणे आहे की, नायडूंच्या पहिल्या नावाखाली एक टीप द्यावी, आणि ही जागा त्यांना कोणी मोकळी करून दिली ते तीत लिहावे.

नायडूंनी पुढे होळकर संघास चार वेळा रणजी करंडक जिंकून दिला, वयाच्या साठीनंतरही ते मैदानात उतरले, १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरास त्यांनी देह ठेवला. जनार्दन नवले यांनी उतारवयात साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली आणि १९७९ च्या सप्टेंबरात पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभराच्या आत, ४ ऑक्टोबर १९७९ रोजी, नटवरसिंहजी वारले. एकही कसोटी सामना त्यांच्या नावावर नाही.